फाटलेला आवाज आणि घाईतला आवाज

पौडच्या बाजारपेठेत आमचं रेडिओदुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. अब्बांनी काढलेलं. माझ्या थोरल्या भावाला आम्ही भाई म्हणायचो. आणीबाणी उठली त्या वर्षी तो आखातात कामाला गेला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. मला तेव्हा तेविसावं चालू होतं.

गाण्याचा मला कंटाळा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. लग्न, बारसं, उरूस, जत्रा, शाळेचं झेंडावंदन, सगळीकडे मी कर्णे बांधायचो आणि त्याच पंधरा-वीस तबकड्या उलटसुलट वाजवायचो. गाणं माझ्या लेखी वजन होतं. आवाज वाढवायचं मशीन, बॅटरी, कर्णे, वायरचं भेंडोळं एसटीच्या टपावर चढवायचं, उतरवायचं, झाडावर चढून बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं सोडून परत आणायचं. अब्बांचे कान याच धंद्यात गेले होते. ते दिवसभर दुकानाच्या फळीवर बसून असायचे आणि काही वाजायला लागलं की स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवायचे. त्यांना तेवढंच ऐकू यायचं.

भाई पत्र लिहीत नसे. आईला वाचता येत नव्हतं, आणि आपल्या पत्रातलं तिसऱ्यानं वाचून दाखवावं हे त्याला आवडत नव्हतं. त्यामुळे तो कॅसेट पाठवायचा. गावाकडं परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती दोन-तीन महिन्यांनी एक कॅसेट यायची. एका बाजूला त्याचं बोलणं असे. तब्येत बरी हाय, इथं ऊन लई हाय, अब्बांच्या कानाला तेल घाला, असं. दुसऱ्या बाजूला गाणी. तीही आपली नव्हेत. तिथल्या रेडिओवरची, खोलीतल्या जोडीदारांच्या टेपवरून उतरवलेली इंग्रजी गाणी.

आई दोन्ही बाजू ऐकायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, हातातलं काम थांबवून, कॅसेट खटकन बंद होईपर्यंत. एकदा मी गाण्यांच्या बाजूला टेप बंद करायला गेलो तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, मधीच काय बोलला तर. एकदाच, पहिल्या का दुसऱ्या वर्षी, दोन गाण्यांच्या मध्ये भाई खोकला होता आणि "आई, जेवलीस का" असं म्हणाला होता. तेवढ्यावर ती पुढची नऊ वर्षं दुसरी बाजू ऐकत राहिली.

अशाच एका कॅसेटवर ते रॉकचं गाणं आलं. मला वाटलं टेपचं हेड खराब झालंय. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, तरी आवाज फाटलेलाच. मग स्पीकर उघडला, कागदी कोन कुठं चिरलाय का बघितला. काही सापडेना. मी स्क्रू पिळत बसलो होतो तेवढ्यात हायस्कूलचे इंग्रजीचे सर दुकानापुढून जाताना थबकले.

हे सर पुण्याहून रोज एसटीनं येऊन-जाऊन करायचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. संध्याकाळची गाडी यायला वेळ असला की ते आमच्या फळीवर टेकायचे आणि अब्बांशी खुणांनी गप्पा मारायचे. त्या दिवशी ते आत आले आणि म्हणाले, "स्पीकर नको उघडूस. त्यानं मुद्दाम फाडलाय आवाज."

मला खरंच वाटेना. आमचा सगळा धंदा आवाज फाटू नये म्हणून. आवाज फाटला की लग्नघरचे लोक बोलायचे, वर पैसे कापायचे. आणि कुणी माणूस गिटारला वीज जोडून आपण होऊन तो फाडतो आणि लोक तो ऐकायला गर्दी करतात, हे सरांनी मला समजावून सांगितलं तेव्हा मला आधी रागच आला.

सरांनी ते गाणं त्या संध्याकाळी चार वेळा ऐकलं आणि त्यांची गाडी चुकली. कॉलेजात असताना कॅम्पातल्या एका मित्राकडे ते अशा तबकड्या ऐकायला जायचे. गिटार घ्यायची फार इच्छा होती. मग वडील गेले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना क्रियापदांची रूपं घोकून घेण्यात दहा वर्षं गेली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. वेळापत्रक वाचून दाखवावं तसं सांगितलं.

पुढची काही वर्षं कॅसेट आली की आधी आई ऐकायची आणि मग दुसरी बाजू सरांसाठी दुकानात यायची. ते पुढं-मागं करून शब्द उतरवून घ्यायचे, वहीत लिहायचे, मला अर्थ सांगायचे. त्यांचं म्हणणं असं की या गाण्यांनी तिथल्या तरुण पिढीला पहिल्यांदा नाही म्हणायला शिकवलं. बापाला नाही, लढाईवर जायला नाही, सकाळी टाय बांधून कामावर जायला नाही. मोकळ्या माळावर लाखोंनी माणसं जमली आणि पावसात चिखलात बसून राहिली, ती देवासाठी नव्हे, पुढाऱ्यासाठी नव्हे, गाण्यासाठी. मी वायर सोलता सोलता ऐकायचो. माळावर लाखभर माणसांना ऐकू जायला किती कर्णे लागले असतील आणि ते दुसऱ्या दिवशी कुणी उतरवले असतील, एवढंच माझ्या डोक्यात यायचं.

ऐंशी उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. एका कॅसेटमध्ये भाईनं दुसरी बाजू सुरू करण्याआधी दोन वाक्यं बोलून ठेवली होती. "ह्यो बघ, ह्यो गात न्हाई, नुसता बोलतोय. लोक ह्याला रॅप म्हणत्यात." खोलीतल्या एका जोडीदारानं त्याला सांगितलं होतं, की अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्त्यांमधली पोरं हे करतात. त्यांच्यापाशी वाद्यं नसतात. तबकड्या वाजवायची दोन यंत्रं, एक मशीन, एक माइक गल्लीत मांडायचा, जुन्याच तबकड्यांमधला ठोक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्याच्यावर बोलायचं.

ते ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं. तबकड्या वाजवायची दोन यंत्रं, मशीन, माइक. माझ्या दुकानात, माझ्या समोर फळीवर, नेमकं तेवढंच सामान होतं. वर्षानुवर्षं मी ते पाठीवर वाहत होतो. त्या लोकांनी त्यातून गाणं काढलं होतं आणि मी त्यातून फक्त पाठदुखी काढली होती.

शिवाय ठोक्यात बोलणं हे मी रोज करत होतो. तंबूतला सिनेमा आला, कुस्त्यांचा आखाडा भरला, लसीची गाडी आली, की भाड्याच्या जीपला कर्णा बांधून मी गावोगाव पुकारत हिंडायचो. खड्ड्यातून गाडी चालली की आवाज आपोआप ठोका धरतो. लांबचं वाक्य एका श्वासात बसवावं लागतं, नाहीतर अर्धं गाव मागं पडतं आणि अर्धीच बातमी ऐकतं. त्या गाण्यातला माणूस श्वास कुठं चोरतोय हे मला भाषा न कळता कळत होतं. अब्बांनी खोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, ह्याचा ठोका बराबर हाय.

सरांना ते अजिबात आवडलं नाही. शब्द भराभर जात होते. त्यांच्या वहीत अर्धीमुर्धी वाक्यं उतरायची. त्यांना जेवढं लागलं त्यावरून तो माणूस आपल्या गल्लीबद्दल, काम मिळेना म्हणून दारोदार फिरण्याबद्दल बोलत होता. सर म्हणाले, यात चाल नाही, सूर नाही, दुसऱ्याच्या तबकडीवर हा नुसता बडबडतोय. रॉकनं जग हलवलं; हे रॅप मात्र चार वर्षांत कुणाच्या लक्षातही राहणार नाही. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. मी म्हटलं, सर, गिटार घ्यायला तुम्हाला जमलं नाही. मग ज्यांना कधीच जमणार नाही त्यांनी काय करायचं?

ते वही मिटून स्टँडकडे निघाले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले आणि वाद पुढं चालू झाला. तो पुढं वर्षभर चालला. सुरुवातीला त्यात गंमत होती. नंतर नंतर आम्ही तेच तेच बोलायचो, तेही दमल्यासारखे.

गावातल्या वाचनालयाची वर्षातून एकदा तीन दिवसांची व्याख्यानं असायची. त्या वर्षी शेवटच्या, रविवारच्या दुपारच्या वक्त्यांचा निरोप आला की येणं जमत नाही. वाचनालयाचे लोक सरांकडे आले. सरांनी सांगितलं, परदेशातल्या दोन गाण्यांवर बोलतो, आणि दुसऱ्या गाण्याच्या बाजूनं हा बोलेल. हा म्हणजे मी. मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

तीस-पस्तीस माणसं होती. बरीचशी जेवून आलेली, सुस्तावलेली. सर फार चांगलं बोलले. वर्गात ते असे कधी बोलत असतील असं मला वाटत नाही. मग मी टेप लावला. गिटार सुरू झाली तशी मागच्या रांगेतला एकजण उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, आवाज फाटतोय, जरा बघा. मी म्हटलं, तो तसाच हाय. ते पुढच्या लोकांना ऐकू गेलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. सरही हसले, पण गाणं संपेपर्यंत ते खाली बघत होते.

मग माझी पाळी. माइक माझ्या हातात रोज असायचा, पण त्यात मी नेहमी दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोलायचो. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ. कसंबसं सांगितलं की या लोकांपाशी काय सामान असतं, ते आमच्या दुकानातल्यासारखंच कसं असतं, आणि ते गाणं लावून बाजूला झालो. कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलंही नाही. गाणं संपलं तेव्हा दोघं-तिघं उठून जाण्याच्या बेतात होते.

तेव्हा खिडकीजवळ बसलेले एक म्हातारे बोलायला लागले. ते मुळशीच्या धरणात गाव गेलेल्यांपैकी होते. त्यांच्या लहानपणीच घर-शेत पाण्याखाली गेलं होतं आणि आता ते लेकीकडे पौडला राहायचे. व्याख्यानांना न चुकता यायचे आणि कधी काही बोलायचे नाहीत.

ते म्हणाले, "पयला वरडत व्हता, पन त्येला ठावं व्हतं समोर लोक बसल्यात. ह्यो दुसरा घाईत हाय. ह्येला वाटतंय, आपल्याला मधीच कोनतरी गप करील."

सरांनी त्यांना विचारलं, शब्द न कळता हे तुम्हाला कसं समजलं. म्हाताऱ्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. मग सांगितलं, की जमिनीच्या कामासाठी बाप त्यांना बरोबर घेऊन कचेरीत जायचा. तासन् तास बाहेर बसवायचे. मग आत बोलावणं आलं की बाप टेबलापुढं उभा राहून एका दमात सगळं सांगायचा. कुठलं खाचर, केवढं, कुणाच्या बांधाला लागून, किती भात व्हायचा. मध्ये थांबायचा नाही. थांबला की शिपाई दंडाला धरून बाहेर काढायचा.

"आसंच बोलायचा," ते म्हणाले. "आगदी ह्याच चालीत." आणि पिशवी उचलून चहा प्यायला गेले.

सभा तिथंच संपली. आभार कुणी मानले ते मला आठवत नाही. मी वायरी गुंडाळत होतो आणि सर रिकाम्या खुर्च्यांत बसून होते. त्यांना स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मी पाच वर्षं त्या गाण्यांचे शब्द लिहून काढले. तो माणूस नुसता बसून ऐकून गेला." माझं गाणं जिंकलं असं मला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. घरी गेलो आणि बसल्या जागी झोपलो.

त्यानंतर दोन वर्षांनी भाई परत आला. कंपनीचं काम संपलं होतं आणि नवं कंत्राट मिळालं नव्हतं. विमानतळावरून टॅक्सी करून आला. दारात उतरला तो आम्हाला आधी ओळखूच आला नाही. गाल बसलेले, केस विरळ झालेले. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, आवाज तेवढा तोच हाय. पहिला महिनाभर तो झोपतच होता. उठायचा, जेवायचा, अब्बांच्या शेजारी थोडा वेळ बसायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. बोलणं फार कमी झालं होतं. कॅसेटवर तो याहून जास्त बोलायचा.

मला त्याला आमच्या वादाबद्दल सांगायचं होतं. वाटायचं, ही गाणी निवडणारा तोच, त्याच्या मनात काहीतरी असेल. एके दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तो फळीवर बसला होता. मी सगळ्या कॅसेटी काढल्या, आल्या त्या क्रमानं मांडल्या आणि सगळं सांगितलं. सर, त्यांची वही, वाचनालय, म्हातारे. मग विचारलं, तुला यातलं कुठलं गाणं मोठं वाटतं?

त्यानं एक-दोन कॅसेटी उलटसुलट करून पाहिल्या. कुठली काय होती हे त्याला आठवत नसावं.

"मला काय बी वाटत न्हाई," तो म्हणाला. "माजं बोलनं एका बाजूला बी पुरत न्हवतं. रोज त्येच काम, त्येच ऊन. काय सांगनार? दुसरी बाजू मोकळी धाडली आसती तर आईला वाटलं आसतं, पोरगा आजारी हाय. म्हनून खोलीत जे कायतरी वाजत आसंल त्ये भरून धाडायचो."

"आणि रॅपच्या आधी बोलला होतास ते?"

"जोडीदारानं सांगितलं, म्या पुढं सांगितलं. त्येवढंच बोलायला व्हतं त्या दिवशी."

मी कॅसेटी गोळा करून खोक्यात भरल्या. आत आई भांडी घासत होती. तिनं नऊ वर्षं ती सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली होती, गावातल्या कुणाहीपेक्षा, सरांहूनही जास्त. ती त्यात याचा आवाज शोधत होती आणि हा आपला आवाज संपलाय हे कळू नये म्हणून ती बाजू भरत होता. दोघांनाही गाण्याशी काही देणं-घेणं नव्हतं. हे मी दोघांनाही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, मला कळत नव्हतं.

सरांना मात्र सांगितलं. लपवून ठेवणं मला जड जायला लागलं होतं. ते हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्यानं कशासाठी पाठवली ते त्याचं त्याच्यापाशी. आपण ऐकली ना?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "तो म्हातारा बरोबर बोलला, हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण मला अजून पहिलंच आवडतं. आता या वयात ते बदलणार नाही." मीही सांगितलं की मला दुसरंच मोठं वाटतं, आणि त्याला कारणही फार मोठं नाही. ते मला जमलं असतं, एवढंच. गिटार मला कधीच जमली नसती, पण ते जमलं असतं, आणि मी केलं नाही.

त्याच उन्हाळ्यात सरांची पुण्यातल्या शाळेत बदली झाली. जाताना त्यांनी शब्द उतरवलेली वही मला देऊ केली. मी घेतली नाही. मला त्यातलं काही वाचता आलं नसतं, आणि त्यांना ती लागेल असं मला वाटलं. एक-दोन वर्षं दिवाळीला पत्र यायचं. मग बंद झालं.

भाई पावसाळ्यानंतर हळूहळू सावरला. पिरंगुटच्या बाजूला नवे कारखाने उठत होते, तिथं एका ठिकाणी रखवालदाराची नोकरी मिळेल असं ठरत होतं. ती मिळेपर्यंत तो माझ्याबरोबर कामाला यायला लागला. हिवाळ्यात जवळच्या रिहे गावात शाळेच्या खेळांच्या स्पर्धा होत्या. आम्ही सकाळी पोचलो, मी आंब्यावर चढून कर्णा बांधला, तो खाली वायर धरून उभा होता. दिवसभर मी माइकवरून धावण्याच्या शर्यतींचे निकाल सांगितले. मध्ये मध्ये तबकड्या लावल्या. भात कापून झाला होता, खाचरं मोकळी पडली होती, आणि आवाज पार पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन परत येत होता.

दुपारी आम्ही बांधावर बसून भाकरी खाल्ली. त्यानं विचारलं, "रोज ह्येच करतोस?"

मी म्हटलं, "रोज."

"कट्टाळा न्हाई येत?"

"येतो."

तो मान हलवून म्हणाला, मलाबी यायचा. मग आम्ही पाणी प्यायलो. खो-खोचा अंतिम सामना राहिला होता, मास्तर मैदानातून हात करून बोलावत होते. मी उठून माइकपाशी गेलो आणि दोन्ही संघांची नावं पुकारली.